बियाण्याच्या कणसांचे केस

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. निकाल लागला त्या दिवशी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मिरजगावच्या बाजारातून पेढे आणले आणि वस्तीवरच्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन वाटले. पेढा हातावर ठेवताना ते सांगायचे, "पोरगी बी.एस्सी. झाली." समोरचा गप्प राहिला की आपणहून पुढचं सांगायचे, "झाडाझुडपात." वनस्पतिशास्त्राचं याहून चांगलं भाषांतर मला अजून सुचलेलं नाही.

त्या पेढ्यांनंतर माझं वस्तीवरचं स्थान बदललं. बी.एड.च्या प्रवेशाची वाट बघत मी घरी होते, आणि लोक माझ्याकडे काय काय घेऊन येऊ लागले. कुणी फवारणीच्या औषधाची बाटली आणायचं, कुणी रेशनकार्डाचा फॉर्म. एकदा तर एकजण रवंथ न करणारी शेळीच घेऊन आला. मला येत नव्हतं ते मी सुरुवातीला येत नाही म्हणून सांगायचे. पण समोरचा माणूस "अगं, तू शिकल्याली हायेस" म्हणाला की मला त्याचा विरस करवत नसे. मग मी काहीतरी सांगायचे. शेळी आपोआप बरी झाली आणि माझी कीर्ती वाढली. पुढे जे झालं त्याचं मूळ या शेळीत आहे असं मला वाटतं.

घरामागे पाण्याच्या हौदाजवळ आईच्या मक्याच्या चार ओळी असायच्या. बाकी रानात बाजरी, तूर, गाईंसाठी घास. या चार ओळी मात्र तिच्या एकटीच्या. हा पांढरा देशी मका. बियाणं तिनं लग्नानंतर जामखेडकडच्या आपल्या माहेराहून लुगड्याच्या पदरात बांधून आणलेलं. ताट फार उंच व्हायचं नाही, कणीसही वीतभरच, पण दाणा मोत्यासारखा आणि दुधाची गोडी. कोवळी कणसं चुलीत भाजून मीठ, तिखट, लिंबू लावून खायची. जरा जून झाली की दाणे पाट्यावर वाटून वडे. वाळलेल्या मक्याच्या कण्या भरडून आई ताकात शिजवायची आणि वर लसणाची फोडणी द्यायची. मी होस्टेलवर असताना भूक लागली की मला पुरणपोळी आठवायची नाही, या कण्या आठवायच्या.

दुकानात हे बियाणं मिळत नाही. आईच्या माहेरीही आता सगळे पिवळा हायब्रीड मका करतात, तोही मुरघासासाठी. दाणा दुधात आला की ताट, पानं, कणीस सगळं कुट्टी करून गाईंना. त्यामुळे हा पांढरा मका राहिला तो फक्त आमच्या हौदाजवळ. पाणी नसलेल्या वर्षीही तिनं भांडी धुतलेल्या पाण्यावर वीस-पंचवीस ताटं जगवली होती. खायला नाही, बियाण्याला. दरवर्षी ती चांगली दहा-बारा कणसं निवडायची, त्यांच्या पानांची वेणी घालून चुलीवरच्या आढ्याला टांगायची, आणि पेरणीच्या वेळी कणसाचा शेंडा आणि बूड सोडून फक्त मधले दाणे काढायची. "शेंड्याचं दानं बारीक. बियाला मधलंच घ्यावं," एवढंच तिचं शास्त्र.

आणि याच मक्याच्या केसांचा एक डबा फळीवर असायचा. कणसाच्या टोकाला येणारे रेशमासारखे केस वाळवून ती त्यात ठेवायची. उन्हाळ्यात वस्तीवरच्या बायकांना लघवीला जळजळ व्हायची, उन्हाळी लागायची. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायचं आणि आडोसा नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही, मग दुसरं काय होणार? संध्याकाळी एखादी हळूच दारात येऊन उभी राहायची. आई न विचारता मूठभर केस कागदात बांधून द्यायची आणि वर बजावायची, "काढा घे, पन दिसभर पानी बी पी. नुसत्या केसानं काय न्हाई व्हायचं."

हा डबा मी लहानपणापासून बघत आले. पण तो कधी आणि कसा भरला जातो हे मला माहीत नव्हतं. मका निसवायचा, म्हणजे त्याला तुरे नि कणसं यायची, तेव्हा मी शाळेत असायचे, पुढे होस्टेलवर. घरी यायचे तेव्हा डबा भरलेला असायचा.

त्या वर्षी श्रावणात माझ्या मोठ्या बहिणीच्या बाळंतपणाला आई तिच्या सासरी गेली. बहिणीची सासू आजारी होती, म्हणून माहेरऐवजी तिथंच बाळंतपण. जाताना गाई, चूल, अण्णा असं सगळं मला सोपवलं. मक्याबद्दल काही बोलली नाही. मक्याला काही करायचंच नव्हतं.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी अण्णांच्या कुशीत कळ आली. धारा काढता काढता ते तसेच गोठ्यात बसले. घाम फुटलेला, चेहरा पांढरा. मी मोटारसायकलवर मागे बसवून त्यांना मिरजगावच्या डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत मुतखडा निघाला. लहान होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "भरपूर पाणी प्या. बहुतेक पडून जाईल. ताप आला किंवा लघवी अडली तर त्याच क्षणी या. नाहीतर तीन आठवड्यांनी परत फोटो काढू."

मी विचारलं, "मक्याच्या केसांचा काढा दिला तर चालेल का?"

"गोळ्या चालू ठेवून द्या. काढ्याच्या निमित्तानं पाणी तरी पोटात जाईल."

परत येताना अण्णा म्हणाले, "तुझ्या आयला फोन करू नगं."

"का?"

"ती पोरीला तशीच टाकून यील. अन् आली की मला बोलंल. खडा परवडला."

घरी येऊन मी डबा उघडला. तळाला चिमूटभर चुरा. बाकी सगळा उन्हाळ्यात बायकांना वाटून झालेला. मी मागच्या दाराने बाहेर आले, आणि समोर आईचा मका नुकताच निसवलेला. वर तुरे, खाली कोवळी कणसं, आणि प्रत्येक कणसाच्या टोकाला पोपटी, लुसलुशीत, दवाने ओले केस. मला इतका आनंद झाला की काय सांगू. औषध स्वतःहून दाराशी येऊन उभं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी उजाडताना एक ओंजळभर केस खुडायचे. धुवायचे, तांब्याभर पाण्यात अर्धं आटेपर्यंत उकळायचे, गाळून कोमट करून अण्णांना द्यायचे. चवीला वाईट नाही, कणसं उकडलेल्या पाण्यासारखं लागतं. अण्णा पहिल्या दिवशी पेल्यात बघत म्हणाले, "न्हाव्याच्या दुकानातलं पानी हाय व्हय गं?" पण प्यायचे. वर मी त्यांच्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन फिरायचे.

इथवर ठीक होतं. पण मला तेवढ्यावर थांबवेना. आई-अण्णांनी मला शिकवलं, माझ्यासाठी आईनं लोकांच्या रानात खुरपलं, आता निदान तिचा डबा तरी आपण भरून ठेवू, असं माझ्या मनात आलं. आई आल्यावर डबा उघडेल आणि काठोकाठ भरलेला बघून चकित होईल. मग मी ओंजळीवर न थांबता रोज चारही ओळी खुडायला लागले. काल खुडलेल्या कणसातून आज नवे केस डोकावलेले असायचे. तेही घ्यायचे. ओट्यावर धोतराचं पान पसरून सावलीत वाळवायचे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बांधापलीकडच्या काकी, माझ्या चुलत्यांच्या मंडळी, घास कापायला आल्या होत्या. मला बघून विळा खाली ठेवला आणि बांधावर आल्या.

"इतक्या लवकर काढायचं असत्यात व्हय गं केसं?"

"कोवळ्यात गुण जास्त असतो, काकी."

"तुझी आय तर कनीस खायला मोडल्यावर काढती. नायतर पार तांबडं होऊन वाळल्यावर."

"वाळल्यावर त्यातली द्रव्यं कमी होतात."

द्रव्यं हा शब्द मी कुठून काढला देव जाणे. काकींनी विळा उचलला. "असंल बाई. तू शिकल्याली हायेस," म्हणाल्या आणि गेल्या. माझ्या जागी शाळा न शिकलेली पुतणी असती तर त्यांनी तिचा कान धरून तिला मक्यातून बाहेर काढलं असतं. माझ्या पदवीला त्यांनी मान दिला, आणि त्या मानानेच घात केला.

अकरा दिवस मी हे केलं. बाराव्या दिवशी खुडण्याजोगे केस दिसेनात, तेव्हा मी थांबले. डबा इतका भरला होता की झाकण दाबून बसवावं लागलं.

अण्णांना मधे दोनदा कळ आली, पण पहिल्यासारखी नाही. मग एके दिवशी सकाळी ते बाहेरून आले ते हसतच. "गेला," म्हणाले. नंतर फोटोतही खडा दिसला नाही. डॉक्टरांनी काय केलंत विचारलं तर अण्णा अभिमानाने म्हणाले, "पोरीनं मक्याची केसं पाजली."

"आणि पाणी किती प्यायलात?"

"पाण्याचं काय सांगू, सायेब. म्हशीवानी."

"मग थोडं श्रेय म्हशीलाही द्या," डॉक्टर म्हणाले. मी आजवर ते श्रेय तिघांत वाटत आले आहे: गोळ्या, पाणी आणि काढा. कुणाचा वाटा किती ते मला माहीत नाही.

आई महिन्याने आली. बहिणीला मुलगी झालेली, त्याची साखर घेऊन. पिशवी ओट्यावर ठेवली, पाय धुतले आणि नेहमीप्रमाणे आधी हौदाकडे गेली. मी डबा पाठीमागे लपवून तिच्या मागोमाग. ती पहिल्या ओळीत शिरली, एका कणसाला हात लावला, दाबून बघितलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. कणसं उभी होती, पानांत गुंडाळलेली, पण बोटाखाली मऊ लागत होती. टोकाला केसांचा एक धागा नाही.

"ह्याचं केस कुठं गेलं?"

मी डबा पुढे केला. झाकण काढलं. अण्णांच्या खड्याची सगळी हकिकत, डॉक्टर, काढा, सगळं एका दमात सांगितलं. तिनं आधी अण्णांना नखशिखान्त बघून घेतलं. ते बरे दिसत होते. मग डब्यात बघितलं.

"लई केलंस गं," म्हणाली. रागावली नाही. त्याचंच मला कसंतरी झालं. ती घरात गेली, चूल पेटवली, चहा ठेवला. चहा उतू जायला लागला तेव्हा माझ्याकडे न बघता विचारलं, "बियाला एखादी वळ सोडली हुती का?"

"बियाला?"

"एखादी तरी. चार-दोन ताटं तरी."

आणि तेव्हा, चुलीपुढे उभं असताना, माझ्या डोळ्यांपुढे माझ्याच वहीतलं पान आलं. दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिकाची वही. मक्याच्या कणसाची आकृती, अणकुचीदार पेन्सिलीने काढलेली, आणि प्रत्येक केसापासून एक बाण थेट एका दाण्यापर्यंत. एक केस, एक दाणा. तुऱ्यातला पराग केसावर पडतो, केसातून खाली जातो, तेव्हा दाणा भरतो. आकृतीला मॅडमनी दहापैकी नऊ दिले होते. एक गुण बाण वाकडा गेला म्हणून कापला होता. मी पराग पडण्याआधीच, रोज भल्या सकाळी, अकरा दिवस, आईच्या चारही ओळींचे सगळे बाण खुडले होते.

"मागच्या वर्षीचं काही शिल्लक असेल ना?" मी विचारलं.

"पेरलं. उरल्याल्या दोन कनसांच्या तुझ्या बहिनीच्या डव्हाळजेवनाला लाह्या केल्या." मग चहा गाळत म्हणाली, "आता जाऊ दे. तुझ्या बापाला बरं वाटलं ना."

अण्णा ओट्यावरून म्हणाले, "मला म्हाईत असतं तर मी हायब्रीडचं केस प्यायलो असतो."

"तुमाला काय म्हाईत असतंय," आई म्हणाली. महिन्याभरानंतर घरात पहिल्यांदा घरासारखं वाटलं.

मी त्या संध्याकाळी जेवले नाही. पंधरा-वीस दिवस मी मक्यात जाऊन कणसं चाचपायचे. ती वाळली तेव्हा आम्ही तिघांनी मिळून सगळी मोडून आणली आणि ओट्यावर सोलायला बसलो. पहिलं कणीस उघडलं तर नुसता पांढरा गाभा, दात नसलेल्या हिरडीसारखा. दुसरं तसंच. सातव्या-आठव्या कणसाला शेंड्याकडे पाच-सहा दाणे दिसले. केस बुडाकडच्या दाण्यांचे आधी येतात, शेंड्याचे सर्वांत शेवटी. मी थांबल्यावर जे उशिराचे चार केस बाहेर आले, त्यांचे हे दाणे. तेही सगळे पांढरे नव्हते. काही फिकट पिवळे, कारण तोवर आमचे बहुतेक तुरे झडून गेले होते आणि बांधापलीकडे काकींचा हायब्रीड ऐन फुलात होता. आई नेहमी त्यांच्या पंधरा दिवस आधी पेरायची ती का, हे मला तेव्हा कळलं. तिनं पुस्तक न वाचता हायब्रीडचा पराग चुकवला होता.

शंभराहून जास्त कणसं सोलून झाली तेव्हा सुपात दोन मुठी दाणे होते. आईनं बसून पिवळट झाक असलेला एकेक दाणा वेगळा केला. खरं पांढरं उरलं ते मूठभर. तिनं ते तळहातावर घेतले, बोटाने फिरवले, आणि परत सुपात टाकायला लागली.

"सगळं शेंड्याचं हाय. ह्याचं बी व्हत न्हाई."

शेळीनंतर पहिल्यांदाच मला जे खरोखर येत होतं ते मी बोलले. "होतं, आई. शेंड्याचा दाणा बारीक असतो कारण त्याला जेवण शेवटी मिळतं. पण आत जे असतं ते मधल्या दाण्यासारखंच. ह्याचं कणीस काही बारीक येणार नाही. फक्त उगवताना जोर कमी पडेल. खोल नको पेरायला, आणि पाणी वेळेवर द्यायचं."

आईनं हात थांबवला. "नक्की म्हाईत हाय, का शेळीसारखं?"

"नक्की."

"मंग हे केसं खुडताना कुठं गेल्तं?"

मी तिच्या तळहातावरचे दाणे फडक्यात बांधायला घेतले. अण्णा खाली मान घालून सालं गोळा करत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

पेरणीआधी मी त्यातले दहा दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. दहा दाणे वाया जातात म्हणून आई कुरकुरली. पाचव्या दिवशी गोणपाट उलगडलं तेव्हा आठांना मोड आले होते. तिनं ते आठही फेकू दिले नाहीत, हौदाच्या कडेला बोटाने भोकं पाडून लावले. बाकीचे जूनमध्ये, काकींच्या आधी पंधरा दिवस, दोन-दोन बोटं खोल. चारच्या जागी दीड ओळ झाली. मी तेव्हा बी.एड.ला नगरला होते. रोज फोनवर अण्णांना ताटं मोजायला लावायचे. ते म्हणायचे, "कालच्याइतकीच हायत. पळून गेली न्हाईत."

श्रावणात सुट्टीला आले तर मका निसवला होता, आणि प्रत्येक ताटाला आईच्या जुन्या पातळाची लाल चिंधी बांधलेली. "हे कशाला?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी," ती म्हणाली. "लांबनं दिसाया पायजे."

आश्विनात तिनं पहिलं कणीस माझ्यासमोर सोललं. बुडापासून शेंड्यापर्यंत भरलेलं, एकही दात न पडलेलं. ते माझ्या हातात दिलं आणि दुसरं सोलायला घेतलं. वाळलेले तांबडे केस तिनं बाजूच्या ताटलीत ठेवले. आता ते काढायला हरकत नव्हती.

आता मी नगरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नोकरी लागली त्या वर्षी निघताना आईनं पिशवीत भाकरी, लोणचं, केसांचा छोटा डबा घातला, आणि वर फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी. सोडून बघितली तर राख लावलेले पांढरे दाणे, सगळे मधले.

"मी कुठं पेरू? भाड्याची खोली आहे."

"साळंत जागा हाय ना? न्हाईतर कुंडीत लाव. पन दरसाल लाव," आई म्हणाली. "एकाच घरात ठिवलं की कसं हुतं ते बघितलं आपन."

मग पिशवीचे बंद आवळताना पुढं म्हणाली, "चिंध्या बी घातल्यात आत."